विटा रचून सेरिफ फॉन्ट: सुरुवात 'एन'पासून

अक्षररचना शिकायची आहे पण महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, अशा प्रत्येकाला मी आधी फॉन्टस्ट्रक्ट उघडायला सांगते. रॉब मीक यांनी घडवलेलं हे साधन २००८पासून आहे, ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट वापरता येतं. जाळीवर चौकोनी, गोल, तिरक्या विटा बसवून अक्षरं रचायची आणि तयार फॉन्ट ट्रूटाइप फाइल म्हणून उतरवून घ्यायचा. बरेच जण त्यात शीर्षकांसाठी ठसठशीत अक्षरं करतात. तुम्ही मात्र परिच्छेद वाचता येईल असा रोमन (इंग्रजी अक्षरांचा) सेरिफ फॉन्ट करायला घ्या. सेरिफ म्हणजे दांड्यांच्या टोकांना असलेल्या छोट्या आडव्या पट्ट्या. तो करताना विटांपेक्षा त्यांच्यामधल्या पांढऱ्या जागेकडे पाहावं लागतं, आणि ती नजर पुढे कुठल्याही साधनावर उपयोगी पडते.

पहिलं अक्षर लहान लिपीतला 'एन'. मी एक्स-हाइट, म्हणजे लहान अक्षरांची मूळ उंची, १२ विटा धरते. उभा दांडा २ विटांचा, सेरिफची जाडी १ विटेची. पुस्तकी फॉन्टमध्ये दांडा एक्स-हाइटच्या साधारण पाचव्या-सहाव्या भागाएवढा असतो, त्याच्याशी हे जुळतं. दोन दांड्यांमधली पोकळी ५ विटा ठेवा. आता सेरिफ आतल्या बाजूला एकेक वीट पुढे आली, तर तळाशी ३ विटांची वाट मोकळी राहते. दोन-दोन विटा आली, तर एकच उरते आणि 'एन' खोक्यासारखा दिसू लागतो. वाचनीयतेचा निकाल बहुतेक वेळा अशा एखाद्या विटेवर लागतो.

सेरिफ बारीक, टोकदार करण्याचा मोह टाळा. १९८७मध्ये अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी बिटस्ट्रीम या कंपनीसाठी 'चार्टर' हा फॉन्ट केला, तो ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) प्रिंटरवरही टिकावा म्हणून. त्याच्या सेरिफ जाड आणि चौकोनी आहेत. जाळीवर काम करणाऱ्याने तो मोठा करून, नीट न्याहाळून पाहावा.

खरी अडचण 'ओ'पाशी येते. गोल अक्षर चौकोनी अक्षराएवढंच उंच केलं तर डोळ्याला बुटकं वाटतं, म्हणून ते वर-खाली किंचित बाहेर काढतात. अगदी एक-दोन टक्के. आपल्या १२ विटांच्या उंचीत एक वीट म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त, तेव्हा तो उपाय इथे चालत नाही. मग गोलाईच खांद्यांपाशी थोडी चौकोनी करायची, म्हणजे अक्षर रेषेला जास्त लांबीवर टेकतं आणि बुटकं वाटत नाही. अक्षररचनाकार हर्मान त्साप्फ यांच्या १९५२च्या 'मेलियोर' या फॉन्टमध्ये असेच चौकोनी वळणाचे गोल आहेत, ते जरूर बघा. 'एस' आणि तिरक्या दांड्यांची अक्षरं शेवटी घ्या. तोवर हात बसलेला असतो.

अंतराला अक्षरांइतकाच वेळ द्या. सेरिफ बाहेरच्या बाजूलाही एकेक वीट पुढे असेल आणि 'एन'च्या दोन्ही बाजूंना सेरिफपलीकडे एकेक वीट सोडली, तर शेजारच्या दोन 'एन'च्या दांड्यांमध्ये ४ विटा पडतात. आतली पोकळी ५ची, त्यामुळे ओळीचा ताल बराच सारखा राहतो. रोमनमध्ये 'मिनिमम' टाइप करून पाहा, दांड्यांची लय लगेच कळते. 'आर' आणि 'एन' शेजारी आल्यावर 'एम' वाचला जात नाही ना, मोठा 'आय', लहान 'एल' आणि एकचा आकडा वेगळे ओळखू येतात ना, हेही तपासा. ही तपासणी पडद्यावर उरकू नका. १० पॉइंटमध्ये एक पूर्ण परिच्छेद कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. जिथे नजर अडखळेल तिथे बहुधा अंतर चुकलेलं असतं. अक्षर मोडण्याआधी अंतर सुधारा.

देवनागरीची ओढ आपल्या सगळ्यांनाच असते. विटांवर शिरोरेषा आणि काना सुरेख बसतात. पण जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागेवर पडायला ओपनटाइपचे नियम, म्हणजे कोणत्या अक्षरांपाशी कोणता आकार कुठे बसवायचा याच्या फॉन्टमधल्या सूचना, लिहावे लागतात. त्यासाठी फॉन्टफोर्ज किंवा ग्लिफ्ससारखं साधन घ्या. फॉन्टफोर्ज विनामूल्य आहे, आणि फॉन्टस्ट्रक्टमधून उतरवलेली फाइल त्यात उघडून 'ओ'ची ती एक-दोन टक्क्यांची दुरुस्तीही करता येते.