सुपरचार्ज्ड गाडीत पुलीचं बेअरिंग आवाज करतंय? या चुका टाळा

बॉनेटखालून घरघर सुरू झाली की सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा, बेल्टवर चालणारा पंप) असलेल्या गाडीत पहिला संशय सुपरचार्जरवरच जातो. तो महागडा आणि आवाजही त्याच बाजूने येतो. बऱ्याच वेळा दोष मात्र बेल्टच्या वाटेवरच्या आयडलर (बेल्टला वाट देणाऱ्या) किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणाऱ्या) पुलीचा असतो, म्हणजे तिच्या आतल्या मुठीत मावणाऱ्या बेअरिंगचा. २००२ ते २००६ दरम्यानची मिनी कूपर एस (आर५३) घ्या किंवा आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणारी मर्सिडीज सी २०० कोम्प्रेसर, आवाज नेमका कुठून येतोय हे ठरवण्याआधी सुपरचार्जर खोलायला देऊ नका.

आवाज न ओळखताच पार्ट मागवणं

दर फेऱ्याला एकदा येणारी बारीक चिवचिव बहुधा बेल्टची असते. कुठली तरी पुली रेषेत नसते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावर येणारी किंचाळी म्हणजे बेल्ट घसरतोय. बेअरिंग वेगळं बोलतं. त्याची कोरडी घरघर आरपीएमबरोबर चढते आणि उतरते. सुरुवातीच्या दिवसांत ती फक्त सकाळी थंड इंजिनवर येते, गाडी तापली की गायब होते, म्हणून दुर्लक्ष होतं.

आयडलिंगला खडखड आणि थोडा रेस दिला की ती बंद, असं असेल तर सुपरचार्जरच्या नाकातला, म्हणजे पुलीमागच्या पुढच्या भागातला, कपलर (पुलीचा दांडा आतल्या फिरत्या भागांना जोडणारा तुकडा) झिजलेला असतो. जॅग्वार आणि रेंज रोव्हरच्या सुपरचार्ज्ड व्ही-८ गाड्यांत ही तक्रार सर्रास दिसते. पुली बदलून ती जाणार नाही. अ‍ॅक्सिलरेटरसोबत वाढणारी शिट्टीसारखी किणकिण मात्र सुपरचार्जरचा स्वभावच आहे, तो दुरुस्त करायच्या मागे लागू नका.

बेल्ट की बेअरिंग हे ठरवायला इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांवर स्प्रे बाटलीने थोडंसं साधं पाणी मारा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुली रेषेत नाही. किंचाळी उलट वाढली तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळा.

बेअरिंगवर तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारणं

हा उपाय दोन दिवस चालतो, म्हणूनच तो फसवा आहे. पातळ तेल सीलच्या फटीतून आत जातं, उरलंसुरलं ग्रीस पातळ करून बाहेर ढकलतं आणि बेअरिंग आधीपेक्षा लवकर मरतं. उडालेलं तेल बेल्टवर पडतं ते वेगळंच. बेल्टवर मारायच्या ड्रेसिंग स्प्रेलाही हेच लागू.

पुली मोकळी फिरते म्हणून ती चांगली समजणं

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. बेल्ट काढा, थंड इंजिन जास्तीत जास्त अर्धा मिनिट चालवा. बेल्ट नसताना अल्टरनेटर चार्ज करत नाही, बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही फिरत नाही, त्यामुळे यापेक्षा जास्त वेळ नको. आवाज गेला तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या कुठल्यातरी भागात आहे. कुठल्या, हे अजून कळलेलं नसतं.

आता इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा. सीलबंद, ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग किंचित जड लागतं आणि टिचकी मारल्यावर एक-दोन फेऱ्यांत थांबतं. जे बेअरिंग सायकलच्या चाकासारखं सरसर फिरत राहतं, त्यातलं ग्रीस संपलंय. एकदा टिचकी मारून बघा, मग बोट कडेवर टेकवून अगदी हळू फिरवा. आतल्या रिंगवर खड्डे पडले असतील तर बोटाला बारीक कचकच जाणवते, कानाला ती ऐकूही येत नाही. शेवटी पुली दोन बाजूंनी धरून पुढे-मागे डोलवा. जाणवण्याजोगा प्ले (ढिलेपणा) असेल तर पुली बदलायचीच.

बेल्ट लावलेला असताना ऐकायचं झालं तर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप पुलीच्या मधल्या बोल्टच्या ब्रॅकेटवर टेकवा, फिरत्या भागावर कधीच नाही. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस दूर ठेवा.

क्रँकची पुली विसरणं

आर५३ मध्ये क्रँकशाफ्टवरची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची) डॅम्पर पुली, म्हणजे हादरे शोषणारी पुली, दोन भागांची असते, मध्ये रबर. रबर सुटलं की बाहेरची रिंग डुलते, बेल्ट मागे-पुढे सरकतो आणि लोक आयडलर बदलत राहतात. पांढऱ्या पेंटने मधल्या हबपासून बाहेरच्या रिंगपर्यंत एक सरळ रेघ ओढा. काही दिवस गाडी चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर डॅम्पर गेला.

एसीच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंगही तपासा. एसी बंद असतानाही घरघर चालू राहिली तर क्लचच्या पुलीचं बेअरिंग संशयित आहे. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर कॉम्प्रेसर आतून बिघडतोय.

नुसता नंबर बघून बेअरिंग घेणं

बेअरिंगवर ६२०३ असं कोरलेलं असतं (आतला व्यास १७ मिमी, बाहेरचा ४०, जाडी १२) आणि दुकानदार त्याच नंबरचं कुठलंही हातात ठेवतो. सुपरचार्ज्ड गाडीत हे महाग पडतं. हिशोब करा: क्रँकची पुली १४० मिमीची, आयडलर ७० मिमीची. इंजिन ६,५०० आरपीएमला गेलं की आयडलर १३,००० ने फिरते. साध्या रबर सीलच्या ६२०३-२आरएस बेअरिंगसाठी वेगमर्यादा १२,००० च्या आसपासच दिलेली असते. पत्र्याच्या शील्डचं (२झेड) बेअरिंग जास्त वेग सोसतं, पण आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळ्यात त्यात पाणी-माती सहज जाते. म्हणून वाहनांच्या पुलीसाठीच बनवलेलं, कमी घर्षणाच्या सीलचं, गरम जागी टिकणाऱ्या ग्रीसचं, सी३ क्लिअरन्सचं (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळी जागा असलेलं) बेअरिंग मागा. सी३ का? पुलीत घट्ट दाबल्यावर बाहेरची रिंग आकसते, उष्णतेने आतली फुगते. मोकळी जागा आधीच थोडी जास्त नसेल तर गोळे जाम होतात. बनावट बेअरिंगही भरपूर आहेत, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

पुली प्लॅस्टिकची असेल तर हा विषयच संपला, अख्खी पुली बदला. आमचं मत विचाराल तर पत्र्याच्या पुलीतही पूर्ण नवी पुली घेणं शहाणपणाचं, बेअरिंग बदलणं फक्त पुली मिळत नसेल तेव्हा.

सुपरचार्जरची पुली छोटी करून बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) वाढवला असेल तर तिच्यावरची बेल्टची पकड कमी होते, ताण वाढवावा लागतो आणि आयडलरचं आयुष्य घटतं. तिथे पुली लवकर तपासत राहा.

हातोडीने ठोकून बसवणं

बेअरिंग पुलीत बसतं ते बाहेरच्या रिंगच्या आधाराने, म्हणून दाब फक्त बाहेरच्या रिंगवर यायला हवा. आतल्या रिंगवर ठोकलं तर तो धक्का गोळ्यांमधून जातो, रिंगवर गोळ्यांच्या अंतराने खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात गुणगुणायला लागतं. सर्क्लिप (बेअरिंग अडकवून ठेवणारी कडी) असेल तर आधी काढा. ४० मिमीच्या बेअरिंगला ३८-३९ मिमी बाहेरच्या व्यासाचा सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवून बेंच व्हाइसमध्ये सावकाश दाबा. अ‍ॅल्युमिनियमची पुली ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत ओव्हनमध्ये तापवली तर बेअरिंग जवळजवळ हाताने बसतं. गॅसची ज्वाळा लावू नका.

खोलण्याआधी बेल्टची वाट फोटोत घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. काही टेन्शनरच्या पुलीला उलटे आटे असतात. बोल्ट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी मॅन्युअल बघा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम ब्रॅकेटमधले आटे जातात. टॉर्कही मॅन्युअलमधलाच, अंदाजाने नाही. पुलीमागचा छोटा स्पेसर जुन्या पुलीसोबत फेकला जातो, तो सांभाळा. तो नसेल तर पुली काही मिलिमीटर आत सरकते आणि बेल्ट कडेला घासतो. मोठा वॉशर लावला तर तो सीलला घासतो. वॉशरने फक्त आतली रिंग दाबली पाहिजे.

टेन्शनरची स्प्रिंग थकली असेल, इंजिन चालू असताना तिचा हात थरथरत असेल, तर नुसती पुली बदलून पैसे वाया घालवू नका. बूस्टखाली बेल्ट घसरेल आणि नव्या पुलीवर दोष येईल.

सुपरचार्जरच्या तेलाकडे न बघणं

सगळ्या पुली नव्या, तरी घरघर कायम, तर मग सुपरचार्जरचं नाक. त्यात स्वतःचं तेल असतं, इंजिन ऑइल त्यात घालायचं नसतं. आर५३ मध्ये पुढे आणि मागे असे दोन वेगळे साठे आहेत. मागच्या गिअरवर वॉटर पंप फिरतो. ते तेल सुकलं तर गिअरचे दात झिजून पंप थांबतो. प्लग काढून तेल पांढऱ्या कागदावर घ्या. त्यात धातूची चमक दिसली तरच सुपरचार्जर उतरवण्याचा विचार करा.