श्रीनगरच्या बागांत सकाळची घाई करू नये

मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी श्रीनगरला जाणारे अनेक प्रवासी गर्दी टाळण्यासाठी अगदी सकाळीच निशात बागेत पोहोचतात आणि ट्यूलिपच्या घट्ट मिटलेल्या कळ्या पाहून परततात. पुढील क्रम ठेवल्यास तीच फुले उमललेली पाहता येतात.

१. पहिल्याच कोरड्या दिवशी हरिपर्वताच्या पायथ्याची बदामवारी ही बदामाच्या झाडांची बाग पाहावी. बदामाचा फिकट गुलाबी बहर पानांआधी येतो आणि एका जोरदार सरीतही झडून जातो, त्यामुळे तो उद्यावर टाकू नये.

२. निशात बाग दुपारसाठी राखावी. मुघल सरदार आसफ खानाने १६३३ मध्ये उभारलेल्या या बागेच्या पूर्वेला झबरवानचे डोंगर आहेत, त्यामुळे तिथे ऊन उशिरा पोहोचते. ट्यूलिपच्या पाकळ्या मात्र उबेनेच उघडतात आणि गारवा येताच पुन्हा मिटतात.

३. आत गेल्यावर वाफ्यांपाशी न थांबता आधी सर्वांत वरच्या टप्प्यावर जावे आणि मग सावकाश खाली उतरावे. चढण तेवढ्यात उरकते, आणि उतरताना फुले, मधला पाण्याचा पाट आणि त्यापलीकडचे दल सरोवर एकाच नजरेत येतात. मला या बागेचे हेच दर्शन सर्वांत सुंदर वाटते.

एक काळजी अवश्य घ्यावी: पाकळ्यांचा सडा फोटोत यावा म्हणून बदामाची फांदी हलवू नये, कारण त्याच फुलांतून पुढे बदाम धरायचे असतात.