बोकड आत सोडण्याआधी

कोकणात शेळी दिवाळीच्या आगेमागे व्यायला हवी. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे मेच्या मध्याला फळलेली शेळी ऑक्टोबरच्या मध्याला विते. तोवर पाऊस ओसरलेला, रानात पाला भरपूर. श्रावणातल्या ओलीत जन्मलेलं करडू बहुधा खोकूनच जातं.

पण उन्हाळ्यात सुकलेल्या शेळ्या वेळेवर माजावर येत नाहीत. अशा वेळी बोकडाचा वासच त्यांना माजावर आणतो, मात्र तो आधी तुटून मग अचानक परत यायला हवा. एप्रिलच्या सुरुवातीला बोकड हलवा, महिनाभर तरी. नुसता नजरेआड नको. वास आणि आवाजही पोचता कामा नये. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून त्याला पूर्वेच्या कुंपणाला बांधला, दिवसा खारे वारे पश्चिमेचे म्हणून. रात्री मतलई वारा सुटला आणि सगळा दर्प गोठ्यात! आता तो सरळ पलीकडच्या वाडीत पाहुणा जातो. परत आणताना त्याच्याऐवजी अनोळखी बोकड मिळाला तर उत्तमच. गावातल्या मोकाट बोकडाकडेही लक्ष ठेवा.

वीर्य तयार व्हायला सुमारे ७ आठवडे लागतात, म्हणून बोकडाचा खुराक मार्चअखेरीलाच सुरू करा. खूर कापून घ्या, वृषणं चाचपून बघा: दोन्ही सारखी, घट्ट हवीत. २० ते २५ शेळ्यांना एक पुरतो, कोवळ्याला निम्म्याच द्या.

शेळ्यांना तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो मक्याचा भरडा. हडकुळी शेळी बोकडाला दाद देत नाही. जंताचं औषध त्याआधीच उरका, डॉक्टरांना विचारून. फळण्याच्या सुमारास अल्बेंडाझोल नकोच.

सोडायच्या सकाळी बोकडाच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासा, म्हणजे तो जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर खूण उमटते. दाढीवर मुतून, ओठ मुडपून तो आत शिरला की गोठा जागा होतो. दोन-तीन दिवसांत माज दिसतो, पण तो पुष्कळदा फुकट जातो. पाच-सात दिवसांनी परत येतो तो खरा. त्यामुळे बोकडाला नावं ठेवून बाहेर काढू नका, दीड महिना राहू द्या. (घाटावरून उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांत पहिला माज मुकाच असतो, दिसणारा १७ ते २५ दिवसांनी.)

वहीत बिल्ला नंबर आणि तारीख लिहा. पंधरवड्याने गेरूऐवजी निळीची पूड लावा. ज्या पाठीवर गेरूनंतर नीळही उमटली, ती शेळी गाभण राहिली नाही.