लेखकांची हस्तलिखित पत्रं जमवताय? या चुका टाळा

पत्रांसाठी लेखकाचं घर गाठणं ही पहिली चूक. तिथे सापडतात ती त्याला आलेली पत्रं. त्याने लिहिलेली केव्हाच पोस्टाने दुसऱ्यांच्या घरी गेली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ कोकणातल्या शिरोड्याला शिक्षक होते. त्यांचं अक्षर हवं तर तेव्हाचे विद्यार्थी, सहकारी, संपादक यांच्या घरच्या ट्रंका धुंडाळा. आणि वेळ बघून जा. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, कोणतं पत्र कुणाला आलं ते सांगणारं कुणीतरी भेटतं. गणपतीआधी साफसफाई निघते आणि माळ्यावरचे जुने कागद बंबाखाली जातात. त्यानंतर गेलात तर चहा तेवढा मिळेल.

खरं की बनावट?

सही बघून भुलू नका, आधी टपाल बघा. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले; नये पैसे देशात आले १ एप्रिल १९५७ ला. त्यांचं म्हणून दाखवलेल्या कार्डावर छापील किंमत नये पैशांत असेल तर पुढे वाचायचं कारणच नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी वेंगुर्लं-कुडाळ सगळं रत्नागिरीत. चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्राच्या माथ्यावर ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर हात जोडून परत या.

उलटही होतं. अक्षर जुळत नाही म्हणून अस्सल पत्र टाकून देतात. खांडेकरांची दृष्टी उतारवयात गेली होती. त्या काळातला मजकूर दुसऱ्याच्या हातचा असणारच.

तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा कापणाऱ्यांबद्दल काय बोलावं! तिकिटाबरोबर शिक्काही जातो, आणि तारखेचा पुरावा तोच असतो.

लॅमिनेशन नको

लॅमिनेट केलेलं पत्र कुणी कौतुकाने पुढे केलं की माझ्या पोटात गोळा येतो. गरम करून चिकटवलेलं प्लॅस्टिक निघत नाही, निघालंच तर कागदाचा पापुद्रा आणि शाई घेऊन निघतं. सेलोटेपचीही तीच गत. काही वर्षांनी टेप सुटते, पिवळा चिकट डाग मात्र कागदात मुरतो. घडीवर फाटलेलं इनलँड लेटर फाटलेलंच राहू द्या, दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवा. जोडायचंच असेल तर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद), तेही जाणत्या हाताने.

खाऱ्या हवेत टाचण्या आणि स्टेपल लवकर गंजतात. त्या उपटू नका. कागद पालथा घाला, स्टेपलचे दोन्ही पाय बोथट पात्याने सरळ करा, मग वरून अलगद उचला. गंज कागदाला धरला असेल तर मध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून मोकळा करा.

पावसाळ्यातली दुखणी

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि किनाऱ्यावर पावसाळाभर ती त्याहून खूप वर असते. जुलैत झिपच्या पिशवीत पत्र कोंबून निश्चिंत होणारे फसतात, कारण दमट हवाही आत कोंडते. हवाबंद डबा जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत भरा. आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला कपाट टेकवू नका, भिंत ओल ओढते.

बुरशी दिसली की ओलं फडकं घेऊ नका, त्याने डाग कागदात चोळला जातो. कागद सावलीत सुकू द्या, मग मास्क लावून पडवीत मऊ ब्रशने झटका. ऊन दाखवू नका, फाउंटन पेनची शाई उडते.

पुरात गठ्ठा भिजला (चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ वेगळा सांगायला नको) तर पत्रं सोडवत बसू नका, ओला कागद ओढला की फाटतो. गठ्ठा बटर पेपरात गुंडाळून पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा. वीज असेल, निदान शेजारच्या गावात तरी, तर गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि जाणकार शोधायला सवड मिळते.

छापण्याआधी

पत्र तुमचं, मजकूर तुमचा नाही. त्याचा कॉपीराइट लेखकाकडे, त्याच्या पश्चात वारसांकडे असतो. एरवी लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं मोजतात, पण मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची ६० वर्षं छापल्यापासून. तेव्हा ‘जुनं आहे, चालतंय’ म्हणू नका, आधी वारसांना विचारा. शिवाय ७५ वर्षांहून जुनं, साहित्यिक मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतं, आणि तसं असेल तर खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायची असेल तर स्कॅन पाठवा.