शी रोखून धरणारं मूल: जुन्या बद्धकोष्ठतेत या चुका टाळा

पडद्यामागे उभा. चवड्यांवर, गुडघे ताठ, मांड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, चेहरा लालबुंद, मुठीत पडद्याची कड. माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि हे दृश्य दिवसातून चार-पाचदा दिसायचं. मी शेजारी बसून म्हणायचे, "हां, लाव जोर, येईल आता." दोन महिने म्हणत होते. शेवटी डॉक्टरांना दाखवायला म्हणून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. त्यांनी दहा सेकंद पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, तो जोर लावत नाहीये, आवळून धरतोय. शी बाहेर येऊ नये म्हणून एवढी मेहनत चाललीये त्याची."

पुढे वर्षभर मी ज्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेक या एका गैरसमजातून निघाल्या होत्या.

कुंथणं आणि रोखणं यात गल्लत

शी करणारं मूल गुडघे वाकवतं, बसकण मारतं. रोखणारं मूल ताठ होतं. पाय कात्रीसारखे आवळतं, ढुंगण घट्ट करतं, टेबलाला धरून चवड्यांवर नाचतं, कोपऱ्यात किंवा दाराआड जातं. कळ ओसरली की काही झालंच नाही अशा थाटात खेळायला पळतं.

सुरुवात बहुधा एका दुखऱ्या शीपासून होते. ताप येऊन गेल्यावर, वरचं अन्न सुरू झाल्यावर, पॉटीची सवय लावताना किंवा शाळा सुरू झाल्यावर एकदा खडा होतो, दुखतं, कधी बारीक चीर पडून रक्ताची रेघ दिसते. मूल ठरवून टाकतं की हे पुन्हा नको. पण रोखलेली शी आत बसून राहते, मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, आणि पुढची शी आधीपेक्षा मोठी, आधीपेक्षा कडक होते. पुन्हा दुखतं. मुलाच्या दृष्टीने त्याचा अंदाज खरा ठरतो! हे महिनोन् महिने चाललं की गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) ताणून सैल पडतो आणि "आता जायला हवं" ही जाणीवच बोथट होते. लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा मागे दुसरा कुठलाही आजार नसतो, हेच चक्र असतं.

म्हणून "जोर लाव" म्हणू नका. ओढत पॉटीवर नेऊ नका. उपचाराचं उद्दिष्ट एकच: शी इतकी मऊ करायची की मुलाला ती रोखताच येऊ नये, आणि आली तरी दुखू नये. तेही इतके दिवस, की दुखल्याची आठवण पुसली जाईल.

जे बद्धकोष्ठता नाही त्यावर उपचार, आणि जे साधं नाही त्याकडे दुर्लक्ष

फक्त अंगावर पिणारं, दीडेक महिन्याच्या पुढचं बाळ कधीकधी चार-पाच दिवस शी करत नाही. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर उपचाराची गरज नसते. काही तान्ही बाळं शी करण्यापूर्वी दहा-वीस मिनिटं लाल होऊन रडतात आणि मग छान मऊ शी करतात. त्यांना जोर लावणं आणि खालचा स्नायू सैल सोडणं अजून एकाच वेळी जमत नसतं, इतकंच. ते आपोआप जमतं.

उलट, काही खुणा दिसल्या तर घरी प्रयोग करत बसू नका. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झालेली नसणं, जन्मापासून किंवा पहिल्या महिन्यातच बद्धकोष्ठता असणं, पोट नगाऱ्यासारखं फुगणं, हिरवी उलटी, वजन न वाढणं, फितीसारखी सपाट शी, कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका, पाय लुळे वाटणं. हर्षस्प्रंग हा आजार (आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात) साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात आढळतो आणि त्यावर शस्त्रक्रियाच लागते. थायरॉइड, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), मज्जारज्जूचे दोष हेही डॉक्टरांनी बघायचे विषय आहेत.

चड्डीला लागलं म्हणजे जुलाब झाला, असं समजणं

ही चूक आमच्याकडे झाली आणि तिने तीन महिने खाल्ले. औषध सुरू होऊन आठवडा झाला होता. दिवसातून सहा-सात वेळा चड्डीला पातळ, घाण वासाचे डाग. मी फोनवर बहिणीला म्हटलं, "औषध जरा जास्तच लागू पडलं गं." आणि औषध बंद केलं.

तो जुलाब नव्हता. गुदाशयात मोठा गोळा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. मुलाला ते कळतही नाही. "तुला समजत नाही का रे, मोठा झालास ना?" असं मी त्याला दोनदा रागावले, तेही आठवतं. त्याला खरंच समजत नव्हतं.

ओळखायचं कसं? आधी बरेच दिवस शी तुंबलेली आहे, पोटाच्या खालच्या भागात हाताला गोळे लागतात, भूक मंदावलीये, आणि मधूनच एखाद्या दिवशी एवढी जाड शी होते की मोठ्या माणसालाही आश्चर्य वाटावं. असं असेल तर औषध थांबवायचं नसतं. उलट गोळा बाहेर काढायची व्यवस्था करायची असते, म्हणजे डॉक्टरांना फोन करायचा. तोच गोळा मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे अंथरूण ओलं होणं आणि वारंवार लघवीचा संसर्ग हेही बद्धकोष्ठतेसोबत येतात. आमच्याकडे अंथरुणाचा प्रश्न वेगळा म्हणून बघितला गेला होता. शी मार्गी लागल्यावर तोही मिटला.

तुंबलेलं न काढता रोजचा छोटा डोस सुरू करणं

उपचाराचे टप्पे दोन. आधी साचलेलं रिकामं करायचं, मग पुन्हा साचू द्यायचं नाही. पहिला टप्पा गाळला की रोजचं औषध फक्त कडेने गळती वाढवतं आणि आईबाप वैतागतात.

सध्या बहुतेक ठिकाणी पहिली पसंती पॉलिइथिलीन ग्लायकॉलला असते. पीईजी किंवा मॅक्रोगॉल म्हणून पावडर येते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बाल-पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत साचलेला मळ काढण्यासाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, असं ३ ते ६ दिवस, आणि त्यानंतर रोजसाठी ०.२ ते ०.८ ग्रॅम हे प्रमाण दिलं आहे. हे आकडे तुम्ही स्वतः डोस ठरवावा म्हणून दिलेले नाहीत. दोन टप्प्यांतला फरक किती मोठा आहे ते दिसावं म्हणून दिले आहेत. मुलाच्या वयाला आणि वजनाला काय चालेल ते डॉक्टरच सांगतील. रिकामं करण्याचे ते दिवस मात्र सुट्टीचे निवडा. घरभर धावपळ होते.

औषध दिलं, पण नीट दिलं नाही

"सगळं देतोय, तरी फरक नाही," असं म्हणणाऱ्या घरात मी आधी चार गोष्टी विचारते.

पावडर किती पाण्यात कालवता? पीईजी शोषलं जात नाही. ते सोबतचं पाणी धरून ठेवतं आणि शीपर्यंत नेतं. सांगितल्यापेक्षा कमी पाण्यात कालवलं किंवा मूल अर्धा पेला टाकून उठलं, तर औषधही अर्धंच गेलं. आम्ही सकाळी एका झाकणाच्या बाटलीत कालवून ठेवायचो आणि ती कितीपर्यंत उतरली ते बघायचो.

माप कशाने घेता? घरातला चमचा नको, डब्यातलं माप वापरा.

रोज देता, की शी झाली नाही की देता? चार दिवस वाट बघून मोठा डोस, मग शी झाली म्हणून बंद, ही सगळ्यांत वाईट पद्धत. मुलाला दर वेळी दुखरी शीच मिळते.

आणि वजन वाढल्यावर डोस बदलला का?

लॅक्टुलोज हाही चालणारा पर्याय आहे, विशेषतः अगदी लहान बाळांत; फक्त त्याने वायू जास्त होतो. सेना, बिसाकोडिलसारखी आतड्याला चालना देणारी औषधं सहसा मऊ करणाऱ्या औषधाच्या जोडीला येतात. ती डॉक्टरांशिवाय नकोत.

शी कशी होतेय ते लिहून ठेवा. १९९७ साली मांडलेल्या ब्रिस्टल तक्त्यात शीचे सात प्रकार आहेत: पहिला सुट्या कडक गोळ्यांचा, चौथा गुळगुळीत लांबट, सातवा पाण्यासारखा. आपल्याला चौथा-पाचवा हवा असतो. मी फ्रिजवर कागद चिकटवला होता, रोज फक्त एक आकडा. पाहुणे विचारायचे हे काय. सांगितल्यावर पुन्हा विचारत नसत.

"सवय लागेल" म्हणून लवकर बंद करणं

बाकी सगळ्या चुकांची बेरीज केली तरी ही भारी पडेल. तीन आठवडे शी छान झाली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "झालं ना बरं आता? उगाच आतड्याला सवय लागायची."

पीईजी किंवा लॅक्टुलोजने आतडं आळशी होत नाही. आतडं सैल पडलेलं असतं ते तुंबल्यामुळे, आणि त्याला मूळ आकारावर यायला वेळ लागतो. वर सांगितलेल्या २०१४ च्या सूचनांनुसार रोजचं औषध किमान दोन महिने द्यायचं, सगळी लक्षणं जाऊन किमान एक महिना झाल्याखेरीज थांबवायचं नाही आणि थांबवायचं तेही हळूहळू. पॉटीची सवय लावणं चालू असेल तर ती पक्की होईपर्यंत अजिबात नाही. हे झालं किमान. ज्यांचं दुखणं जुनं आहे अशा बऱ्याच मुलांना सहा महिने, वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. आम्हाला चौदा महिने लागले. त्यातले तीन वर सांगितलेल्या चुकीचे.

सगळा भार जेवणावर टाकणं

फळं, भाज्या, अख्खी धान्यं, पुरेसं पाणी हे हवंच. पण वयाला साजेसं तंतुमय अन्न आणि पाणी मिळत असेल, तर त्यापेक्षा जास्त दिल्याने जुनी बद्धकोष्ठता जात नाही. गोळा अडकलेला असताना वरून कोंड्याचा मारा केला तर पोट आणखी फुगतं. प्रोबायोटिक्सवर खर्च करावा इतका पुरावाही नाही. दुधाकडे मात्र बघा: दिवसभर बाटलीवर असणारं मूल बाकी काही खात नाही, त्यामुळे अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर ते कमी करा. क्वचित काही मुलांत दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी हेच कारण असतं. त्यासाठी दूध दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात, पण डॉक्टरांशी बोलून.

खालून उपाय

साबणाचा तुकडा, तेलाचं बोट, थर्मामीटर, घरी बनवलेला एनिमा: नको. ज्या जागेची मुलाला भीती बसलीये तिथेच आपण पुन्हा हात घालतो, आणि सैल सोडण्याऐवजी ते आणखी आवळायला शिकतं. दुकानात मिळणारा फॉस्फेट एनिमा दोन वर्षांखालच्या मुलांत क्षारांचं प्रमाण धोकादायकरीत्या बिघडवू शकतो. एनिमा लागलाच तर तो डॉक्टर ठरवतील. लिक्विड पॅराफिन (शी सुटायला पाजतात ते तेलकट औषध) लहान मुलाने ठसकून फुफ्फुसात घेतलं तर न्यूमोनिया होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोटुलिझमच्या (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या) भीतीपोटी. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणीही नाही.

बसवण्यातल्या चुका

मोठ्यांच्या कमोडवर बसलेलं तीन वर्षांचं मूल बघा. पाय लोंबकळतायत, दोन्ही हातांनी कडा धरलीये, आत पडायची भीती. या अवस्थेत खालचा स्नायू कोण सैल सोडेल? पायाखाली पाट किंवा स्टूल हवं, इतकं उंच की गुडघे कमरेच्या थोडे वर यावेत. वर लहान भोकाची सीट हवी. आमच्याकडे स्टूल आल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक पडला.

वेळ जेवणानंतरची. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करतं, म्हणून खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाच मिनिटं बसवा, दहाच्या वर नाही. फुगा फुगवायला द्या किंवा फुंकर मारायला लावा. पोटाला आपोआप दाब मिळतो. शाबासकी बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नाही. बसणं त्याच्या हातात आहे, शी होणं अजून नाही.

पॉटीची घाई हीही एक चूकच. दुखत असताना डायपर काढून घेतला की मूल तो मिळेपर्यंत रोखतं. आम्ही सरळ माघार घेतली. रोज सहज शी व्हायला लागल्यावर आधी डायपरमध्येच पण बाथरूममध्ये, मग डायपर घालून सीटवर, मग डायपरशिवाय, असं दीड महिन्यात सरकलो.

डोस उतरवताना

आमच्या डॉक्टरांनी दर तीन-चार आठवड्यांनी थोडा थोडा डोस कमी करायला सांगितला होता. दोनदा मागे जावं लागलं: एकदा तापानंतर, एकदा प्रवासात, कारण परक्या संडासात तो बसेना. दोन्ही वेळा फ्रिजवरचा आकडा चारवरून दोनवर आला आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा पडद्यामागे दिसला. ठरल्याप्रमाणे आधीच्या डोसवर परत गेलो, दोन आठवडे तिथेच थांबलो आणि मग पुन्हा उतरायला लागलो. प्रवासाच्या बॅगेत तेव्हापासून घडीचं स्टूल असतं.