मासा पकडून सोडणार असाल, तर घरून निघण्याआधी

सर्वांत आधी दिवस ठरवावा. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि गळाशी झुंजून दमलेल्या माशाला नेमकी त्याच वेळी त्याची अधिक गरज असते. म्हणून नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो त्या एप्रिल-मे महिन्यांत गळ घरीच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. तेव्हा मोठा मासा थोडा वेळ जरी उचलला, तरी उघडी पडलेली पिले इतर माशांच्या तोंडी जाऊ शकतात.

तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी आधीच घ्यावी. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. काही मासे निसटतील, ते निसटू द्यावेत. दोरी भक्कम घ्यावी, म्हणजे झुंज लांबत नाही. गांडुळासारखे आमिष मासा खोलवर गिळतो, त्यामुळे काठी हातातच ठेवावी, आणि तरीही गळ घशात रुतला तर तो ओढून न काढता दोरी तोंडाजवळ कापावी. त्यासाठी कात्री खिशात हवी. जाळे रबरी व बिनगाठीचे असावे. कोरडा टॉवेल नेऊच नये, कारण माशाला बुरशीपासून जपणारा बुळबुळीत थर त्याने पुसला जातो. हात ओले करूनच मासा धरावा.

छायाचित्र हवेच असेल तर मासा पाण्यात असतानाच मोबाइल तयार ठेवावा. कॅनडात रेनबो ट्राउटवर झालेल्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुसते दमवलेले १२ टक्के मासे मेले, ३० सेकंद हवेत धरलेले ३८ टक्के, तर मिनिटभर धरलेले ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला. रोहू-कटल्याला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि मरळ तर हवेतूनही श्वास घेते. तरीही मी दहा सेकंदांची मर्यादा पाळतो.

शेवटी, किती मासे धरायचे हा आकडा घरीच ठरवावा. अनेक अभ्यासांतील २७४ नोंदींच्या २००५ सालच्या आढाव्यात सोडलेल्या माशांचे सरासरी मृत्युप्रमाण १८ टक्के आढळले. त्या सरासरीने दिवसभरात वीस मासे सोडणारा तीन-चार मारून परततो, आणि छोट्या तलावावर असे दहा जण रोज बसले तर तो भार मोठा होतो. मी पाचव्या माशानंतर दोरी गुंडाळतो.