नाशिकच्या थंडीत पाळीव कासवाची ऊब आणि भूक

डिसेंबर उजाडला की नाशिकमध्ये कासव पाळणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते: कासव खात नाही. मग कोणी मेथीऐवजी काकडी देऊन पाहतो, तर कोणी औषधाच्या दुकानातून भूक वाढवणारे थेंब आणतो. माझ्या अनुभवात या दिवसांतला दोष खाण्यात क्वचितच असतो, तो बहुधा फरशीत असतो.

आमच्याकडे सुलकाटा जातीचे कासव आले, त्या पहिल्याच पौषात एका सकाळी जास्वंदीचे फूल त्याच्या तोंडापाशी तासभर तसेच पडून होते. एरवी त्या फुलासाठी ते मान ताणून धावत येत असे. डोळे अर्धवट मिटलेले होते आणि उचलून पाहिले तर पोटाकडचे कवच फरशीइतकेच गार लागले. भिंतीवरचा तापमापक २१ अंश दाखवत होता, पण तोच काढून फरशीवर ठेवल्यावर पारा १६ वर आला. कासव फरशीवर राहते आणि तापमापक आपण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर टांगतो, ही चूक बहुतेक घरांत होते.

कासव शरीरात स्वतःची उष्णता तयार करून टिकवू शकत नाही, ते ती बाहेरून घेते. सुलकाटाचे अन्न म्हणजे गवत आणि पाने, आणि त्यातला चोथा मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव आंबवून पचवतात. हे काम उबेतच होते. शरीर गार पडले की आतडे मंदावते आणि भूक मरते, आणि अशा वेळी बळेच भरवलेले अन्न न पचता पोटात तसेच पडून राहते. म्हणून आधी ऊब द्यावी आणि मग खायला घालावे. ‘थंडीत ते झोपतेच’ ही समजूत सुलकाटाला लागू नाही, कारण सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा हा प्राणी शीतनिद्रा घेत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडचे तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे घरात ठेवता येत नाही, आणि सुलकाटासारख्या परदेशी कासवाची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

ऊब द्यायची ती कासव ठेवायच्या सगळ्या पेटीला सारखी नव्हे. एका टोकाला उष्णता देणारा विजेचा दिवा टांगून त्याखाली कवचाच्या उंचीवर दिवसा ३५ ते ३८ अंश राखावेत आणि दुसरे टोक २६ ते २८ अंशांवर राहू द्यावे, म्हणजे कासव स्वतःच आपली जागा निवडते. दिवा साधारण एक फूट उंचीवर ठेवून सुरुवात करावी आणि मोजूनच खालीवर करावा. होल्डर चिनीमातीचा घ्यावा, कारण प्लास्टिकचा वितळतो, आणि दिवा नुसत्या चिमट्यावर न सोडता साखळीने टांगावा. रात्री प्रकाश नको असतो, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाला, जोडून वापरावा. रात्रीचे तापमान पिल्लासाठी २५ अंशांच्या आणि मोठ्या कासवासाठी २० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. खालून तापणारी गादी किंवा दगड मात्र नको, कारण अशा पृष्ठभागावर कासवाचे पोट भाजते आणि ते बऱ्याचदा जागचे हलतही नाही.

पेटी प्लायची करावी. थर्मोकोल बाहेरच्या बाजूने लावावा, कारण आतून लावलेला कासव कुरतडून खाते. तळाशी दोन-तीन इंच ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे, कारण दिव्याने हवा फार कोरडी होते आणि कोरड्या हवेत पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात. याच कारणासाठी पिल्लाला रोज सकाळी कोमट, हनुवटीपेक्षा कमी पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे आणि पुसूनच पेटीत ठेवावे.

आमचा दिवा टायमरवर सकाळी आठला लागतो आणि खाणे साडेनऊनंतर समोर येते. दुपारी चारनंतर काहीही देत नाही, कारण खाल्लेले पचायला उबेचे काही तास हाताशी असावे लागतात. खाण्यात मुख्य वाटा हरळीचा, सोबत जास्वंदीची आणि तुतीची पाने आणि काटे काढलेला फड्या निवडुंग. द्राक्षे या गावात कितीही स्वस्त मिळोत, त्यांतली साखर कासवाच्या पोटाला मानवत नाही. द्राक्षवेलीची पाने चालतात, परंतु बागेतल्या वेलींवर फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे ती आणू नयेत.

नाशिकचे हिवाळी ऊन ही मोठी सोय आहे. अकरा ते दोनच्या दरम्यान, वारा नसेल तर, गच्चीवर अर्धी सावली असलेल्या उघड्या खोक्यात ठेवावे. खिडकीच्या काचेआडून आलेल्या उन्हाने ऊब मिळते, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. काचेची पेटी मात्र उन्हात ठेवू नये, ती काही मिनिटांत भट्टी होते.

निफाडकडे थंडीच्या रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तशा रात्रींसाठी आपलीही तयारी हवी. वीज गेल्यास गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कासवाशेजारी ठेवावी आणि पेटीवर, हवेला फट ठेवून, घोंगडी टाकावी. पेटीवर कापड टाकण्यापूर्वी दिव्याचे बटण बंद करावे, नाहीतर वीज परत येताच आग लागू शकते.

दोन-तीन दिवस योग्य ऊब मिळूनही कासव तोंड लावत नसेल, किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, श्वासाला आवाज होत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर थांबू नये. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य थोडे आहेत, म्हणून आधी फोनवर विचारून घ्यावे आणि नेताना खोक्यात गरम पिशवी ठेवावी.

संक्रांत झाली म्हणून हीटर काढू नये. फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो आणि पहाटे पुन्हा गारठा असतो, तेव्हा होळीपर्यंत तो राहू द्यावा. तापमापक मात्र त्यानंतरही कवचाच्या उंचीवर तसाच असू द्यावा, कारण एप्रिलच्या दुपारी तीच पेटी दिव्याशिवायही चाळिशी गाठते आणि तेव्हा सावलीची सोय करावी लागते.